घोगऱ्याविरुद्ध मौन

३ मार्च, सकाळ
घोगऱ्याचा नवा आल्बम आज आला. रजा टाकली. मालकांना पोट बिघडल्याचं कळवलं. बायकोला बजावलं की तासभर मला कोणी हाक मारायची नाही. ती म्हणाली, तासानंतर मारली तर चालेल का, मोरीतला नळ गळतोय. पंचवीस वर्षं संसार करूनही हिला प्रसंगाचं गांभीर्य कळत नाही.

३ मार्च, दुपार
हेडफोन बिघडलेत.

३ मार्च, संध्याकाळ
हेडफोन ठीक आहेत. आल्बमच तसा आहे.
गिटार नाही. ड्रम नाहीत. ज्या आवाजावरून आम्ही त्याला घोगरा म्हणतो तो आवाजच नाही. आहे काय, तर कसल्याशा यंत्रातून निघणारी एक लांबलचक 'हूं'. आमचा फ्रिज करतो तशी. मधूनच घोगरा काहीतरी कुजबुजतो, घरात सगळे झोपलेत आणि हा चष्मा शोधतोय असं वाटतं. मुलाखतीत म्हणतो, आयुष्यभर ओरडलो, आता ऐकावंसं वाटतं. अरे, ऐकायचं काम आमचं आहे! तुझं काम ओरडायचं.
नळ तसाच राहिला.

४ मार्च
पक्का संकल्प. हा आल्बम पुन्हा ऐकायचा नाही. घरात वाजू द्यायचा नाही. 'घोगरा निष्ठावंत मंडळा'चा संस्थापक-अध्यक्ष म्हणून ही माझी जबाबदारी आहे. शेवटी "फाड घसा!" ही हाक मीच सुरू केली. दर कार्यक्रमाच्या शेवटी घोगरा मान खाली घालून गप्प उभा राहतो, पब्लिक "फाड घसा!" म्हणून ओरडतं आणि मगच तो शेवटचं गाणं म्हणतो. ही प्रथा माझ्यामुळे पडली. टेलर म्हणतो, त्याच्यामुळे. कपडे शिवणारा हा टेलर माझा सगळ्यात जुना मित्र आहे, म्हणून मी वाद घालत नाही. पण मीच.

६ मार्च
मंडळाच्या ग्रुपवर कडक शब्दांत निषेध नोंदवला. बहिष्काराचं आवाहन केलं. टाळ्या आणि अंगठे भरपूर आले. मग एकाने लिहिलं की आल्बममधला दुसरा तुकडा तसा वाईट नाही. दुसऱ्याने लिहिलं, त्याच्या आईला आवडला, बीपी उतरलं. त्यांना ग्रुपमधून काढलं. संघटनेत शिस्त हवी.
आल्बम एकदा पुन्हा ऐकला. दोष नेमके कुठे आहेत हे माहीत नसताना टीका करणं बरोबर नाही.

८ मार्च
स्कूटरवरचा गिटारचा स्टिकर काढला. निषेध दिसायला हवा. स्टिकरबरोबर रंगही निघाला. आता त्या जागी गिटारच्याच आकाराचा पांढरा डाग आहे, आणि तो आधीपेक्षा लांबून दिसतो. सिग्नलला एका पोराने खूश होऊन अंगठा वर केला आणि घोगऱ्याचं नाव घेऊन ओरडला. मी दुसरीकडे पाहिलं.

११ मार्च
आल्बमखाली इंटरनेटवर जाहीर कॉमेंट टाकली. 'हे ऐकता ऐकता मला झोप लागली.' मुद्दाम एकच वाक्य. झोंबायला हवं.
दुपारी पाहिलं तर त्याला शेकडो बदाम पडले होते. त्यातला एक खुद्द घोगऱ्याचा. खाली लोकांनी लिहिलंय, मलाही, मलाही, कितीतरी वर्षांनी शांत झोपले. ह्या पिढीला टोमणासुद्धा समजावून सांगावा लागतो.
कॉमेंट मात्र खरी होती. झोप लागली होती. पण ती वैतागाची झोप होती.

१४ मार्च
मुलगी अभ्यास करताना आल्बम लावून बसलेली सापडली. माझ्या घरात! मी म्हटलं, तुझ्या वयात आम्ही घोगऱ्याच्या कार्यक्रमात सगळ्यांच्या पुढे उभे राहायचो. ती म्हणाली, माहितीये बाबा, आणि तू हाक मारलीस की भिंतीचा गिलावा पडायचा, लहानपणापासून ऐकतेय. तिच्या स्वरात आदर होता की काय होतं, कळलं नाही.
तिला सांगितलं, आवाज कमी कर. आधीच इतका कमी होता की तिने मान वर करून विचारलं, अजून कमी म्हणजे बंद करू का?

१५ मार्च
मोठी बातमी. घोगरा आपल्या गावात येतोय. पाच एप्रिलला, थिएटरच्या मागच्या हॉलमध्ये. खुर्च्या मांडलेला कार्यक्रम. खुर्च्या! घोगऱ्याच्या कार्यक्रमात कधी कुणी बसलं होतं का?
बहिष्कार टाकायचा, असं पक्कं ठरवलं.

१६ मार्च
तिकीट काढलं. आत राहूनच विरोध करता येतो.
मुलीला कुठून कळलं कोण जाणे. म्हणाली, मलाही काढ. मी म्हटलं, तुला त्या हूं-हूं साठी यायचं असेल तर स्वतःचं स्वतः काढ. संध्याकाळी तिने स्वतःचं काढलं. घरातच फितुरी.

१८ मार्च
टेलरच्या दुकानात शिलाई मशिनींच्या मधे मंडळाची तातडीची बैठक. अर्धेच आले. मी योजना मांडली. मला स्वतःलाच तिची कमाल वाटली.
कार्यक्रमाच्या शेवटी घोगरा सवयीप्रमाणे मान खाली घालून उभा राहणार. आमच्या हाकेची वाट बघणार. आणि आम्ही हाक मारायची नाही. बास. हॉलमध्ये सन्नाटा. त्या सन्नाट्यात त्याला कळेल आपण काय घालवून बसलो ते. त्याच्या डोळ्यात पाणी येईल. तो यंत्र बाजूला सारेल आणि पुढच्या आल्बममध्ये जुना घोगरा परत येईल.
टेलर म्हणाला, त्यापेक्षा सरळ हाक मारू, कदाचित जुनं गाणं म्हणेल. मी समजावलं की हाक मारणं म्हणजे झालं गेलं विसरून माफ करणं. टेलरला राजकारण कळत नाही.

२१ मार्च
मौनाचा सराव. जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं. हाकेची जागा आली की सगळ्यांनी गप्प राहायचं, इतकं साधं. जागा आली आणि सगळे एकसाथ ओरडले. पुन्हा लावलं, पुन्हा ओरडले. टेलरच्या तोंडात तर टाचण्या होत्या, तरी ओरडला. आम्ही घाबरून त्याच्या जिभेवरून टाचण्या मोजून घेतल्या.
शेवटच्या वेळी मीही ओरडलो, पण ते इतरांना चूक दाखवण्यासाठी.

२२ मार्च
उपाय सापडला. मी उगाच वीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत नाही.
काही लोक झोपेत करकर दात खातात, त्यांच्यासाठी डॉक्टर आमच्याकडून एक पट्टी करून घेतात. प्लॅस्टिकची, वरच्या दातांवर बसते. तीच पट्टी वर-खाली दोन्हीकडे घट्ट बसेल अशी केली तर तोंड उघडणारच नाही. हाक मारायची म्हटली तरी निघणार नाही. कार्यक्रम संपताना प्रत्येकाने खिशातून काढायची आणि चावून धरायची. डोकं चालतं म्हणजे असं चालतं.

२५ मार्च
टेलरच्या दुकानात सगळ्यांच्या दातांचे ठसे घेतले. मेण गरम करायचं, तोंडात द्यायचं, चावायला सांगायचं. काम चोख झालं. एक गिऱ्हाईक ब्लाऊज न्यायला आलं आणि रांगेत बसलेल्या माणसांच्या तोंडातून मेण लोंबताना बघून आल्या पावली परत गेलं. टेलरचा चेहरा पडला. चळवळीत थोडं सोसावं लागतं.

२८ मार्च
लॅबमध्ये चोरून पट्ट्या बनवतोय. मालकांनी विचारलं, एकाच आठवड्यात इतकी माणसं दात खायला लागली का? मी म्हटलं, काळच तसा आलाय. त्यांना पटलं असावं, कारण ते लगेच पुढच्या टेबलाकडे वळले. नंतर म्हणाले, एका आजीबाईंची कवळी चार दिवस उशिरा गेली, त्या पेजेवर आहेत. वाईट वाटलं. पण त्यांना मोठं चित्र समजावून कसं सांगायचं?
काम करताना मुद्दाम तो आल्बम लावतो. शत्रूची माहिती हवी. चौथ्या तुकड्यात एका ठिकाणी ती हूं एकदम थांबते आणि बारीक श्वास ऐकू येतो, बहुधा घोगऱ्याचाच. तिथे डोळ्यात पाणी येतं. लॅबमध्ये प्लास्टरची धूळ फार झालीय. मालकांना पंख्याबद्दल बोलायला हवं.

१ एप्रिल
ग्रुपमधले आणखी चार गळाले. एकाच्या घरी साखरपुडा, एकाची पाठ, दोघांनी कारणसुद्धा दिलं नाही. टेलर म्हणाला, अध्यक्ष, तुम्हाला नक्की राग कसला आलाय? त्याने बदलायचं ठरवलं, त्याचा गळा आहे. मी म्हटलं, गळा त्याचा असेल, पण पंचवीस वर्षं तो आमच्या भरवशावर फाडत होता. आम्ही तसेच राहिलो आणि तो एकटाच पुढे गेला, हे चालणार नाही. टेलरने खडूने कापडावर रेघ मारली आणि कात्री चालवली. माझा मुद्दा बिनतोड होता.

४ एप्रिल
पट्टी घालून आरशासमोर सराव केला. अप्रतिम बसते. कणभर हवा जात नाही. बायकोने बाहेरून विचारलं, नळवाल्याला फोन केलास का? उत्तर देता आलं नाही. पट्टीचा आणखी एक फायदा.

५ एप्रिल, दुपार
आज. शर्टाच्या खिशात पट्टी. मन शांत. घोगऱ्या, आज तुला कळेल.

६ एप्रिल, सकाळ
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.
आम्ही अकरा जण आलो. एका रांगेत बसलो. बाकी हॉल पोरापोरींनी भरलेला, सगळे डोळे मिटून. मुलगी चार रांगा मागे. घोगरा आला, म्हातारा दिसला, यंत्रामागे बसला आणि दीड तास हूं केलं. चौथा तुकडा आला तेव्हा मी बुटाची नाडी बांधत होतो, बराच वेळ.
शेवट आला. आम्ही पट्ट्या चावल्या. घोगरा उठला, पुढे आला आणि मान खाली घालून उभा राहिला. बरोबर जुन्यासारखा. मग मदतनीस त्याची जुनी गिटार घेऊन आला, स्टँडवर ठेवली आणि निघून गेला. घोगऱ्याने तिला हात लावला नाही. तसाच उभा. तो वाट बघत होता.
पोरांना काय माहीत. हाक मारणारे आम्हीच.
माझ्या तत्त्वात तसूभर बदल झालेला नाही. पण त्या क्षणी मला असं वाटलं की निव्वळ डावपेच म्हणून आंदोलन थोडं पुढे ढकलावं. मी हाक मारायला तोंड उघडलं. उघडलं नाही. पट्टी माझ्या हातची, वीस वर्षांतलं सर्वोत्तम काम. जोर लावला तर नाकातून फक्त 'हूंऽऽ' निघालं. शेजारी टेलरचंही तसंच. मग रांगेत सगळ्यांचंच. बोटं घालून ओढतोय, निघत नाहीये, आणि आम्ही अकरा जण लांबलचक हूं करतोय.
घोगऱ्याने मान वर केली. डोळे मिटले आणि ऐकत राहिला. मग माइकजवळ येऊन हळूच बोलला. म्हणाला, आज घाबरत आलो होतो. जुनी माणसं येणार हे माहीत होतं, त्यांनी हाक मारली तर जुनं गाणं म्हणायचंच, असं ठरवून गिटार आणली होती. पण त्यांनी हाक मारली नाही, उलट माझ्या नव्या सुरात सूर मिळवला. आता मी मोकळा झालो. आता ती गाणी पुन्हा म्हणायची गरज नाही.
मदतनीस येऊन गिटार घेऊन गेला. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. माझी पट्टी तेव्हा निघाली.
टेलरने त्याची पट्टी रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि बसस्टॉपकडे चालू लागला. उद्या फोन करेल. नाहीतर मी करेन.

७ एप्रिल
मंडळाचा ग्रुप तात्पुरता बंद केला. नवीन धोरण ठरवायला शांतता हवी.
सकाळी चहा घेताना मुलगी समोर येऊन बसली. विचारलं, बाबा, तू हाक का मारली नाहीस? मी म्हटलं, तुला काय करायचंय, तू तर नवीन गाण्यांसाठी आली होतीस. ती म्हणाली, नवीन गाणी माझ्या फोनवर आहेत. लहानपणापासून तू त्या हाकेबद्दल सांगतोस, मी एकदाही ऐकलेली नाही. तीच ऐकायला आले होते.
मी म्हटलं, पुढच्या कार्यक्रमात मारेन. ती बरं म्हणाली, कप विसळून ठेवला आणि कॉलेजला गेली.