डाव्या हाताची गिटार

रविवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलंय. दादाच्या मित्राची जुनी गिटार बघायला आम्ही दोघं राजारामपुरीत गेलो होतो. गिटार छान होती, आवाजही गोड. पण उजव्या हाताची. मी डावरी! उलटी धरली की तारांचा क्रमच उलटा होतो.

दादा म्हणाला, "मग उजव्या हातानं शीक की! चाळिशीत तू काय स्टेजवर वाजवणार हाईस?"

स्टेजवर नाही, माझ्या गॅलरीत वाजवीन. म्हणून काय झालं?

लहानपणी आईनं डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात दिली. घासही उजव्यानंच. मी सगळं ऐकलं. आजही सही उजव्या हातानं करते आणि ती मला दुसऱ्याच कुणाची तरी वाटते. आता एवढी एक गोष्ट माझ्या हातानं करणार. हट्ट आहे का हा? असू दे.

परतताना गिटारच्या दुकानापाशी दादाला गाडी थांबवायला लावली. दुकानदार म्हणाला, डावऱ्यांची नवीच मागवावी लागेल, वेळ लागेल.

"मागवा," मी म्हटलं.

दादानं माझ्याकडे बघितलं. मग दुकानदाराला म्हणाला, "पावणं, जरा लवकर मागवा. न्हायतर आमची बहीण तुमच्या दारातच बसंल."