राधासाठी पळता चित्ता

२० जुलै, रविवार. मुलुंड

आज पुन्हा कुत्र्यांवर सराव. मागच्या मैदानात सकाळी भटकी कुत्री एकमेकांच्या मागे लागतात, आणि मी कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे. पळत्या जनावराच्या वेगाने कॅमेरा फिरवायचा, म्हणजे जनावर स्पष्ट येतं आणि मागचं सगळं पुसट होतं. माझं उलटं होतंय. मागची पाण्याची टाकी झकास येते, कुत्रं पुसट.

फिरायला आलेल्या एकाने विचारलं, "काका, कुत्र्यांची कंप्लेंट करताय का?" म्हटलं, नाही, चित्त्याची तयारी करतोय. गडी भराभर निघून गेला.

घरी येऊन राधाला सांगितलं. हसली, अर्ध्या तोंडाने. उजवी बाजू अजून ओढलेली आहे. जानेवारीत अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून तिच्या तोंडून एक शब्द फुटलेला नाही. कळतं सगळं. मी काय बोलतो, कुठे खोटं बोलतो, तेही कळतं. शब्द मात्र कुठे अडून बसलेत कोण जाणे.

२४ जुलै

केनियाची सहल गेल्या दिवाळीत दोघांसाठी ठरवली होती. हट्ट तिचा. जन्मभर शाळेत सायन्स शिकवलं. आरे कॉलनीतल्या बिबट्याला कोणी 'चित्ता' म्हटलं की हिचं डोकं फिरायचं. "चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते. एवढं दिसत नाही का लोकांना?" आणि मग — "पुस्तकातला दाखवून दाखवून कंटाळले. मला तो पळताना बघायचाय."

आता इरावती म्हणते, "बाबा, तुम्ही तरी जा. मी येऊन राहते ना आईजवळ." एकुलती एक लेक, बोरिवलीहून आठवड्याला येते, तिचंही घर आहे. मी नाही म्हटलं. राधाने डाव्या हाताने कॅमेऱ्याची बॅग माझ्याकडे सरकवली. विषय संपला!

खरं सांगायचं तर मनात एक खूळ आहे. पळत्या चित्त्याचा फोटो तिच्यासमोर धरला तर कदाचित तो शब्द येईल. "चित्ता." एवढा एकच आला तरी पुरे. हे इरावतीला सांगितलेलं नाही. मलाच वेड्यात काढील.

३१ जुलै

राधाला स्पीच थेरपीला नेलं. प्रियंका चांगली मुलगी आहे, कंटाळत नाही. चित्रं दाखवते — कप, गाय, छत्री. राधा बरोबर बोट ठेवते. बोलायचं म्हटलं की घाम फुटतो तिला. ते मला बघवत नाही.

गाडी सुरू करताना "गणपती बाप्पा" मी म्हणायचं, "मोरया" तिने. स्कूटर होती तेव्हापासूनची वाटणी. जानेवारीपासून मी माझं म्हणतो, जरासा थांबतो, मग गिअर टाकतो. आजही तसंच.

४ ऑगस्ट. नैरोबी

सगळी जोडपी. सुटा मी, आणि माझ्या खोलीत टाकलेले घाटकोपरचे अण्णा. अण्णा विधुर, गप्पिष्ट आणि घोरणारे. विमानतळावरून बस निघाली तसं कोणीतरी ओरडलं, "गणपती बाप्पा!" आख्खी बस "मोरया!" — नैरोबीच्या रस्त्यावर! ड्रायव्हर दचकलाच. मी ओरडलो नाही. माझ्याकडे उत्तराचं काम कधी नव्हतंच.

जेवताना बायका नवऱ्यांना लोणचं वाढत होत्या. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. इरावतीने व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. राधा बघत राहिली. मीही बघत राहिलो. फोनवर गप्प बसणं फार कठीण असतं.

५ ऑगस्ट. मसाई मारा

जीपमध्ये नियम सांगून टाकले. उभं राहायचं नाही. फ्लॅश नाही. चिवड्याची पिशवी चुरचुरवायची नाही. पिल्लं असतील तर लांब थांबायचं. चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणून आपल्यासारख्यांचा त्रास सगळ्यात जास्त त्यालाच होतो. अण्णा म्हणाले, "हेडमास्तर, श्वास घेतला तर चालेल ना?" सगळे हसले. हसोत बापडे.

आज हत्ती, जिराफ, सिंह. चित्ता नाही.

६ ऑगस्ट

काय लिहू. लिहायलाच हवं.

सकाळी मादी दिसली, वारुळावर बसलेली. तीन पिल्लं गवतात. तिचं पोट आत गेलेलं — डॅनियल, आमचा ड्रायव्हर, म्हणाला दोन दिवसांत काही मिळालं नसावं. आम्ही लांबच इंजिन बंद करून थांबलो. जीपमध्ये सगळे इतके शहाण्यासारखे बसले होते की मला त्यांचं कौतुक वाटलं. ती काळी रेघ दुर्बिणीतून स्पष्ट दिसली. राधा, बरोबर होतीस तू.

मग ती उतरली. पुढे हरणं चरत होती. पोट जमिनीला लावून ती सरकायला लागली, एक पाऊल टाकायची आणि थिजायची. आमच्या पुढे झुडूप येत होतं. डॅनियल म्हणाला, गाडी थोडी मागे घेतो, इंजिनच्या आवाजाला ती सरावलेली आहे. त्याने किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं.

आणि मी म्हटलं, "गणपती बाप्पा!"

मोठ्याने. खणखणीत. इतक्या वर्षांची सवय, कुठून आली कळलं नाही. हरणांनी एकदम माना वर केल्या आणि सगळा कळप उधळला. ती धावलीसुद्धा नाही. उभी राहिली आणि आमच्याकडे बघितलं. मग पिल्लांकडे परत गेली. त्यातलं एक तिच्या तोंडाला तोंड लावून बघत होतं.

जीपमध्ये कोणी "मोरया" म्हटलं नाही. म्हणणार कसं! पण मी वाट पाहिली. एवढ्या गोंधळातही मी जरासा थांबलो होतो — हे फक्त मलाच माहीत आहे.

७ ऑगस्ट

कोणी काही बोलत नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

८ ऑगस्ट

शेवटची फेरी. तीच मादी, तीच पिल्लं, पोट तसंच. डॅनियलला माझी दया आली असावी. म्हणाला, पलीकडून वळसा घालून पुढे जाऊन थांबतो, ती तुमच्याकडेच पळत येईल, फोटो नक्की मिळेल. मागच्या सीटवरून कोणीतरी "चला ना!" केलं.

मी नको म्हटलं. तिची वाट अडवून मला राधासाठी फोटो नकोय. राधालाच तो चालला नसता. मागचे कुरकुरले, पण अण्णा म्हणाले, "हेडमास्तरांचं बरोबर आहे. एकदा उपाशी ठेवली तेवढं पुरे." आम्ही तिथेच थांबलो. ती उंचवट्यापलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

दुपारी कळलं, पलीकडे तिला हरीण मिळालं. पिल्लं पोटभर जेवली. मी अण्णांना चहा आणून दिला.

माझ्याकडे फोटो एकच. वारुळावर बसलेली, पाठमोरी.

१२ ऑगस्ट. मुलुंड

राधाला फोटो दाखवला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. उपाशी पिल्लांचंही. तिने पाठमोऱ्या चित्त्यावर बोट ठेवलं, बराच वेळ. मी तिच्या ओठांकडे बघत होतो, अगदी अधाशासारखा. ओठ हलले नाहीत. मग तिने माझा गाल थोपटला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

इरावती रात्रीच बोरिवलीला गेली. घरात दोन माणसं आणि पंख्याचा आवाज.

खूळच ते. फोटोने कोणी बोलतं का?

१४ ऑगस्ट

थेरपीला नेलं. गाडी सुरू करताना "गणपती बाप्पा" म्हटलं नाही. तोंडातून निघेना. ते गवत आणि तिची ती नजर डोळ्यांपुढे येते. शिवाय थांबायचं किती दिवस! यापुढे म्हणायचं नाही असं ठरवलं. राधाने एकदा वळून बघितलं. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

१८ ऑगस्ट

अण्णांचा फोन. त्यांनाही घरी करमत नाही. ये म्हणाले घाटकोपरला. बघू म्हटलं.

२१ ऑगस्ट

थेरपीला निघालो. गाडी सुरू केली, तोंड मिटून. गिअरकडे हात नेला, तर राधाने डावा हात आडवा घालून माझं मनगट धरलं. सोडेना. म्हटलं, काय झालं? पट्टा टोचतोय का? काही राहिलं का घरी? ती नुसती समोर बघत होती. इंजिन चालू. ओठ हलले. घशात काहीतरी अडलं, पुन्हा अडलं, आणि मग आलं — जड, तिरपं, पण अख्खं.

"मोरया."

मी काही म्हटलंच नव्हतं.