आजोबांचं नाव

सोनपेठ, मंगळवार

कित्येक वर्षांपूर्वीची एक सकाळ. माझे हात शेणानं भरलेले, मी अंगण सारवत होते. हे चुलीजवळ रेडिओ ऐकत बसलेले. दूध उतू चाललं तरी मी नुसतं "अहो, ऐकलं का?" करत राहिले. दूध गेलं, पण ह्यांचं नाव घेतलं नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर कधीच नाही. ते गेल्यावरही नाही.

परवा लेकाचा फोन आला. "आई, बारशाला बाबांचंच नाव ठेवायलोय."

"नको रे. मग मी त्याला हाक कशी मारू?"

"अहो म्हण की नातवाला!"

तो हसला. मला हसू आलं नाही.

आज वाचनालयाच्या पुस्तकात आयर्लंडची जुनी नावं वाचली. एडन म्हणजे छोटा विस्तव, ओशीन म्हणजे हरणाचं पाडस. किती मायेची नावं! आणि तिथं थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत होती. म्हणजे तिथली विधवा आजी नवऱ्याच्याच नावानं नातवाला जेवायला बोलावत असेल, दिवसातून दहादा. केवढं सुख! आणि मी? दूध गेलं तरी...

बुधवार

सकाळी लेकाला फोन लावला आणि ह्यांचं नाव मोठ्यानं घेतलं, "गंगाधर ठेव."