अठ्ठ्याहत्तरच्या अंतिम सामन्याचा हॉर्न

डॉकर्स वेल,
रविवार, ऑगस्ट अखेर

प्रिय हेझलताई,

तुला आणि तुझ्या नव्या खुब्याला धाकट्या बेरिलचा नमस्कार. खुबा काय म्हणतोय? डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच चाल, समुद्रावरच्या वाळूत बहादुरी दाखवू नकोस. मी ठणठणीत आहे. गुडघा तेवढा ठणकतो. पाऊस यायचा असला की ठणकतो असं मी गावभर सांगून ठेवलं होतं, पण पाऊस काही येत नाही, त्यामुळे माझ्या गुडघ्याची गावातली अब्रू गेलीय. गव्हाला अजून एक सर पाहिजे. असो, हवापाणी पुरे झालं.

ताई, मी भांडलेय. आणि सांगून ठेवते, माघार घेणार नाही. आपल्या मुलांच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगला यंदा साठ वर्षं झाली, म्हणून समितीने आजवरच्या अंतिम सामन्यांचा इतिहास छापायचं ठरवलं. लिहिणार कोण? मीच, कारण साठ वर्षांचे कागद माझ्या पलंगाखाली बिस्किटांच्या सात डब्यांत आहेत (आठवा डबाही आहे, पण त्यात खरोखरच बिस्किटं आहेत). मी तीन महिने बसून सगळं लिहिलं. समितीला सगळं पसंत पडलं. फक्त एक पान पडलं नाही. ते पान कुठलं हे तुला सांगायला नको. तुझ्या लेस्टरचं.

बाकीच्या पानांवर कोणी चकार शब्द काढला नाही बघ. सदुसष्ट सालचं धुळीचं वादळ मी जसंच्या तसं लिहिलंय. समोरचे खांब दिसेनात म्हणून आपल्या पोरांनी आपल्याच बाजूला तीन गोल मारले, आणि गोलपंच म्हणाला, मला कुणीच दिसत नव्हतं, तरी तुमच्या आवाजाच्या मानाने तीन ठीक वाटतात. उंदरांच्या वर्षीचंही लिहिलंय. त्या वर्षी उंदरांनी सामन्याचा चेंडू अर्धा खाल्ला, मग सरावाचा काढला, तर तो आधीच संपवलेला. शेवटी पाद्रीबाबांनी नातवाच्या वाढदिवसाचा आणून दिला आणि अंतिम सामना त्यावर झाला. आणि अलीकडे गावांत पोरंच उरली नाहीत म्हणून तीन गावांचा आणि आसपासचा मिळून एक संघ केला, हेही लिहिलंय. (डॉकर्स वेल-यॅरिंगुल-सॅक्सन्स क्रॉसिंग-आणि जिल्हा! घोषणा द्यायला सुरुवात केली की पहिला क्वार्टर संपतो.) म्हणजे ज्या यॅरिंगुलशी आपण जन्मभर भांडलो, त्यांच्याबरोबर मी आता कँटीनच्या एकाच खिडकीतून खिम्याच्या पाई विकते. दिवस आलेत खरे!

आता अठ्ठ्याहत्तर. तुला सगळं पाठ आहे, पण मी पुस्तकात कसं लिहिलंय ते ऐक. चौदा वर्षांखालची मुलं, आपण विरुद्ध यॅरिंगुल. सकाळी कँटीनमध्ये तू चहाचा बंब लावलास आणि मी पाई गरम करायचं कपाट लावलं, आणि फ्यूज उडाला (आधी कोणी लावलं यावर आपण दोघी शेहेचाळीस वर्षं बोललेलो नाही, आजही नको). मैदानाचा भोंगा बंद, माईकही बंद. मग वेळ बघणाऱ्या म्हाताऱ्या आल्फने ठरवलं की वेळ संपल्यावर भोंग्याऐवजी तो आपल्या गाडीचा हॉर्न वाजवेल. पण आपल्याकडे तर मैदानाभोवती नाक आत करून उभी असलेली प्रत्येक गाडी गोल झाला की हॉर्न मारते! म्हणून आल्फ गाडीगाडीच्या काचेवर टकटक करत फिरला, आज कुणी हॉर्नला हात लावायचा नाही, काय आनंद करायचा तो तोंडाने करा. आणि लोकांनी पाळलं हं. पाऊण तास गोलमागून गोल होताहेत आणि अख्खं गाव गाडीत बसून हात काखेत दाबून धरतंय, असं ते दृश्य.

शेवटचं मिनिट. आपण दोन गुणांनी पुढे. यॅरिंगुलने लांबून चेंडू मारला, आणि आपल्या खांबांसमोर तीन जणांच्या डोक्यावरून तुझ्या लेस्टरने तो झेलला. ताई, काय झेल होता तो! आणि त्याच क्षणी हॉर्न वाजला. चांगला लांब. लेस्टरला वाटलं, संपलं. तू शिकवलं होतंस तसं त्याने चेंडू नीट गवतावर ठेवला आणि समोरच्या मुलाशी हात मिळवायला पुढे गेला. समोरच्या मुलाने हात मिळवला नाही. त्याने चेंडू उचलला आणि गोल मारला. गोलचे सहा गुण, सामना त्यांचा. तेव्हा कुठे आल्फचा खरा हॉर्न वाजला.

त्या दिवसापासून पोराचं नाव ‘खाली ठेव’ पडलं. शाळेत खाली ठेव, दुकानात खाली ठेव. भावोजींच्या अंत्यविधीला त्याने बापाच्या पेटीला खांदा दिला, तेव्हा मागून कोणीतरी पुटपुटलं की बघ रे, लवकर खाली ठेवशील. मी ऐकलं. तू ऐकलंस की नाही, मला विचारायचा धीर झाला नाही. त्यानंतर लेस्टर जो पर्थला गेला तो या गावात परत आलेला नाही. साठीला टेकलाय तो आता! आणि समितीला ते पान हवंय कसं, तर ‘गमतीजमती’ या सदरात, वर बावळट पोराचं चित्र काढून.

मी लिहिलं की लेस्टर ट्रेसिडरची काहीही चूक नव्हती. यॅरिंगुलच्या बाजूला उभ्या असलेल्या लाल पिकअपमधून हॉर्न वाजला, आणि तो मुद्दाम वाजवला गेला. बस्स! लगेच अध्यक्ष घरी हजर. अध्यक्ष कोण, माहीत आहे ना? ट्रेव्हर हॅनाफोर्ड. तोच तो, ज्याने हात मिळवला नाही. बायकोने केलेला क्रीमचा केक घेऊन आला. केक मी ठेवून घेतला, त्याला दारातच उभं केलं.

म्हणाला, “बेरिलकाकू, ती लाल पिकअप माझ्या वडिलांची. तिचा हॉर्न कापणीपासून बंद होता. रस्त्यात मेंढ्या आल्या की आमचे वडील खिडकीतून डोकं काढून ओरडायचे.”

मी म्हटलं, “मग दुसरी कुठलीतरी असेल. तुमच्याकडे लाल गाड्यांना काय तोटा?”

“काकू, त्या गोलचं मलाही काही बरं वाटत नाही. पण पुरावा नसताना गावाचं नाव घेऊ नका.”

पुरावा! मला! सात डब्यांच्या मालकिणीला! मी दार लावून घेतलं. (केक चांगला होता, मात्र आत जॅम कमी.) आता समितीचं पत्र आलंय की ते पान बदला, नाहीतर पुस्तक तुमच्याशिवाय काढू. काढा म्हणावं! डबे माझ्या पलंगाखाली आहेत आणि पलंगावर मी आहे. पान जाईल तर लेस्टरला निर्दोष ठरवूनच जाईल. गमतीजमतीत तर ते मी मेल्यावरही जाणार नाही. बेरिल ट्रेविन कुणाला घाबरत नाही.

खुब्याला जप. मांजराला माझा नमस्कार.

तुझी,
बेरिल

ता. क. तुझ्या त्या करंजीसारख्या पेस्टीच्या सारणात सलगम किती घालतेस ते कळव. अंतिम सामना चौदा सप्टेंबरला आहे आणि मला दोनशे करायच्यात.

ता. क. २. पत्र पाकिटात घालून चिकटवलं होतं. वाफेवर धरून परत उघडलंय. ताई, शेहेचाळीस वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस की वीज नव्हती, तर त्या वेळी मी कँटीनमध्ये गरम काय करत होते. काहीच नाही. मी आमच्या गाडीत येऊन बसले होते, खांबांच्या मागेच. लेस्टरने तो झेल घेतला आणि मला इतका आनंद झाला की आल्फ आठवला नाही, फ्यूज आठवला नाही, काही आठवलं नाही. माझा हात आपोआप गेला. हॉर्न मी मारला. आपल्या पोरासाठी मारला गं! आणि मग तो चेंडू गवतावर ठेवताना दिसला, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली ती आजपर्यंत.

ता. क. ३. पान मी बदललंय. समितीने सांगितलं म्हणून नाही, त्यांना मी आजही भीक घालत नाही. आता तिथे लिहिलंय, ‘हॉर्न सौ. बी. ट्रेविन, कँटीन, यांनी मारला. लेस्टर ट्रेसिडरने नियमाप्रमाणे चेंडू खाली ठेवला.’ चौदा तारखेला माईकवरही मीच वाचणार आहे. ज्याला हसायचंय त्याने मला हसावं. ट्रेव्हरला आज दुपारी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, लेस्टर आला तर मला त्याच्याशी हात मिळवायचाय.

तर ताई, या पत्राचं काम एवढंच. माझ्यावर रागाव, बोलणं टाक, सलगमाचं नाही सांगितलंस तरी चालेल. पण लेस्टरला फोन कर आणि हे वाचून दाखव. माझा फोन तो उचलत नाही. आला तर म्हणावं, मावशीची गाडी खांबांमागे त्याच जागी उभी असेल. चालकाच्या जागेवर त्याने बसावं, हवा तेवढा हॉर्न मारावा. मी शेजारी बसेन, हात मांडीखाली घेऊन.