महेंद्रचा चंबू धुऊन न टाकण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्यसाहेब,
विज्ञान महाविद्यालय, अहमदनगर.

विषय : कालकथित महेंद्र साळवे याच्या शेवटच्या प्रयोगाचा चंबू धुण्यापूर्वी एकदा तपासण्याबाबत.
संदर्भ : खंडेनवमीनिमित्त प्रयोगशाळा सफाईची आपली सूचना.

महोदय,

अर्जदार आसाराम बन्सी साळवे, राहणार पारनेर, यांचा मुलगा महेंद्र आपल्याकडे पीएच.डी. करत होता. कार्बनच्या दोन तुकड्यांचे रॅडिकल करून ते एकमेकांना जोडायची नवी पद्धत त्याने हाती घेतली होती. रॅडिकल म्हणजे काय ते त्याने अर्जदाराला जेवता जेवता सांगितले होते. एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला तुकडा; पापणी लवायच्या आत तो कुणाला तरी धरतो, आणि हवा आत शिरली तर तिलाच धरून बसतो. म्हणून चंबूवर नायट्रोजन भरलेला फुगा. २२ सप्टेंबरला सकाळी प्रयोग लावून तो गावाकडे निघाला आणि सुप्याजवळ ट्रकने त्याची मोटारसायकल उडवली. पोरगे घरी आलेच नाही.

पुण्यानुमोदन आटोपून अर्जदार व पत्नी रतनबाई त्याचे सामान न्यायला आले, तेव्हा फुगा पार मलूल झाला होता. "त्यो फुगा पडू देऊ नका, माझ्या लेकरानं लावलेला हाय," एवढेच रतनबाई म्हणत राहिल्या. नव्याने लागलेले परिचर गोरक्ष यांना ते बघवेना. त्यांनी बाहेरून सायकलचा पंप आणून फुगा टम्म भरून दिला. माणूस भला आहे, त्यांच्यावर कारवाई करू नये.

मार्गदर्शक सर म्हणतात, पंपाची हवा चंबूत शिरली, प्रयोग वाया गेला. त्यांचे ज्ञान मोठे. अर्जदार सायकली दुरुस्त करतो. पण जे जोडले जायचे ते पहिल्याच दिवशी जोडले गेले असेल, आणि एकदा जोडलेले नुसत्या हवेने सुटत नाही, हे सरांनीही मान्य केले. निकाल छापण्याजोगा नसेल तर छापू नये. फक्त एकदा बघावे. खंडेनवमीला सगळे काचसामान लखलखीत करून हार घालणार आहात, घाला. एक चंबू मळका राहिला तर काय बिघडते? तोवर राखणीला अर्जदार दाराबाहेर बसून राहायला तयार आहे. कुणाशी बोलणार नाही.

तपासणीत तुकडे जोडलेले निघाले तर आपण स्वतः रतनबाईंना बोलावून सांगावे. न निघाल्यास तो निकाल घरी न कळवता अर्जदाराच्या दुकानावर कळवावा. घरी काय सांगायचे ते अर्जदार बघेल.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आसाराम बन्सी साळवे
पारनेर, ता. ६/१०/१९९७

सोबत : मृत्यूच्या दाखल्याची प्रत.