आरतीत अंधार का झाला

सातपूर, नाशिक
सप्टेंबर २००६

प्रिय मोहिनी,

'प्रिय' बघून लगेच फाडू नको. आधी वाच, मग फाड. रविवारी सिन्नरहून रविराजच्या घरचे तुला बघायला येणारेत, हे मला वॉचमन देवरामनं सांगितलं. त्याला कळलं म्हणजे अख्ख्या गंगापूर रोडला कळलं. तू मला सांगितलं नाहीस. सांगशील कशी, गणपतीपासून माझ्याशी बोलतच नाहीस.

रविराज चांगलाय. लय चांगलाय, हेच तर दुखणं. इस्त्रीचा शर्ट, डिप्लोमा, बोलता बोलता इंग्रजी. तुमच्या बारा मजल्यांना आगीचा अलार्म बसवला तेव्हा त्याच्या हाताखाली तारा मी ओढल्या, भिंती मी फोडल्या, आणि चहा त्याला कपात, मला प्लास्टिकच्या ग्लासात. तेही चाललं असतं. पण तू त्याला विचारलंस, "लाइट गेल्यावर हा वाजतो कसा हो?" तो म्हणाला, "पॅनलमध्ये बॅटऱ्या असतात मॅडम. लाइट नसली तरी चोवीस तास जागं राहायचं, आणि त्यानंतर आग लागली तरी अर्धा तास भोंगा वाजवायचा, एवढा दम लागतो त्यांच्यात." तू डोळे मोठ्ठे करून ऐकत होतीस. अगं, त्या बॅटऱ्या उचलून मी आणल्या होत्या! माझ्याकडे बघायचंस तरी.

आता गणपतीचं. रोज संध्याकाळी लोडशेडिंग, पार्किंगमधला मांडव अंधारात. तुझे पप्पा पडले सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांनी डोकं चालवलं. अलार्मच्या बॅटऱ्या नुसत्याच बसून खातात, दहा दिवस बाप्पाच्या कामी येऊ देत. मला म्हणाले, "काढ रे भिकन." मी म्हटलं, काका, त्या काढायच्या नसतात. तर म्हणे, "आता तू मला शिकवणार?" आणि देवरामकडून काढून घेतल्या. पॅनल टी-टी करून बोंबलायला लागलं, तर बटण दाबून त्याचं तोंड बंद केलं. मांडवात दिवे लागले, माइक लागला, सगळे खूश.

तिसऱ्या दिवशी आरतीला लाइट गेलेली, सगळी बिल्डिंग खाली, आणि मी तुला शोधतोय. तुझी आई म्हणाली, मोहिनी वर मोदक तळतेय, मेणबत्तीच्या उजेडात. नववा मजला, कढईभर तेल, शेजारी मेणबत्ती, आणि अलार्म मेलेला. काकांच्या कानात सांगायला गेलो, त्यांनी डोळे न उघडता मला कोपरानं सारलं. त्यांच्या आरत्या तुला माहितीयेत, एक संपली की दुसरी. मग मी मांडवामागे जाऊन वायरी सोडल्या. अंधार! बॅटऱ्या बगलेत मारून पळालो, पॅनलला जोडल्या, हिरवा दिवा लागला, आणि मागून काका गरजले, "हे त्या भिकन्याचंच काम! देवाची पण थट्टा!"

लोकांना पटलं. पटणारच. लिफ्टमध्ये 'चपला बाहेर काढा' अशी पाटी लावून पाहुण्यांना अनवाणी वर पाठवणारा माणूस मीच. तेव्हा तू आठवडाभर हसलीस. या वेळी ताट घेऊन खाली आलीस, सगळ्यांना मोदक दिलेस आणि मला ओलांडून गेलीस.

दुसऱ्या दिवशी रविराजनं सगळ्यांसमोर मेन स्विच पाडून टेस्टिंग केलं. भोंगा असा वाजला की गच्चीवरची कबुतरं उडाली. पप्पा म्हणाले, "याला म्हणतात काम!" आणि तू त्याला दोन मोदक दिलेस. दोन! माझ्या पोटात जे जळलं ना, त्याला कुठला अलार्म पुरला नसता. खरं काय ते तिथंच ओरडणार होतो. पण चारचौघांत पप्पांची मान खाली गेली असती, आणि त्यांच्याबरोबर तुझी. म्हणून शिव्या खाल्ल्या. रविराजला बिचाऱ्याला अजून काही माहीत नाही, आणि पप्पांना तूही काही बोलू नको.

बॅटऱ्यांचं सांगायला मी पत्र लिहिलं नाय. जे विचारायचंय ते समोर आलो की माझ्याच्यानं होत नाही, मधेच चेष्टा करून मोकळा होतो. कागदावर तरी सरळ विचारतो. वायरमनचं लायसन आहे, वणीला आई आहे, सातपूरला एक खोली आहे. माझ्याशी लगीन करशील का? रविवारच्या आत सांग. नाही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हण, दुसऱ्याकडून कळलेलं मला सोसणार नाय.

तू म्हणशील तर तुझाच,
भिकन