चौथ्या गिटारीची चिठ्ठी

मी, खाली सही करणारा, धंद्याने गिटार बनवणारा, वयाने सत्तरी ओलांडलेला, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्याच बाकावर बसून, कोणाच्या दबावाखाली नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवतो. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. छाती शाबूत असल्याचा दिलेला नाही, म्हणून ही घाई. गल्लीत मला घुम्या म्हणतात. कमी बोलतो म्हणून नव्हे, गिटारीच्या तोंडाशी तोंड नेऊन घुमतो म्हणून. ते का, हे पुढे येईलच.

यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो. त्यात मी लिहिले होते की माझ्यामागे कार्यशाळा बंद करावी, हत्यारे विकून टाकावीत आणि गिटारीच्या आत चिकटवायच्या आमच्या नावाच्या चिठ्ठ्या जाळाव्यात. ते वाचून मुलगी बरेच दिवस माझ्याशी फक्त कामापुरते बोलत होती. या चिठ्ठ्यांचे काय करायचे, हाच खरा प्रश्न आहे. बाकीचे लवकर उरकतो.

कलम पहिले. राहते घर संपूर्णपणे माझ्या बायकोचे राहील व तिच्यानंतर दोन्ही मुलांचे सारखे. लग्न झाल्यापासून ती माझ्या कपड्यांतला भुसा झाडते आहे आणि एकदा तरी स्वच्छ माणसासारखे जेवायला बसा म्हणते आहे. ते मला जमले नाही. माझे तिच्यावर फार प्रेम आहे. हे येथे कायदेशीर कागदावर नमूद करतो, कारण तोंडाने सांगायला गेलो की ती विचारते, "काय हवंय?"

कलम दुसरे. बँकेत जे काही शिल्लक असेल ते बायकोने व मुलाने वाटून घ्यावे. मुलगा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचा आवाज आमच्या वडिलांचा, पार खाली उतरणारा. एवढा आवाज असून तो धंद्यात आला नाही म्हणून मी त्याला पुष्कळ बोललो. त्या आवाजात तो अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांना "घाबरू नका, काढतो बाहेर" असे सांगतो. ऐकणाऱ्याला धीर येत असणार. माझा त्याच्यावर आता काही राग नाही.

कलम तिसरे, धाकट्या भावाविषयी. याच्यावर थोडा आहे. आम्ही दोघे वडिलांच्या हाताखाली शिकलो. पुढे त्याला शहाणपण सुचले. "दादा, जग कुठे गेलं आणि तू अजून फळीवर टिचक्या मारत बसतोस. एकदा माप ठरव, सगळ्या फळ्या तेवढ्याच जाडीच्या कर, मोकळा हो." मी म्हटले, लाकूड मोकळे होऊ देत नाही. एकाच खोडातून निघालेल्या दोन फळ्यांत एक ताठ निघते, एक मऊ. दोघींना एकच जाडी दिली तर एक ओरडते आणि दुसरी पुटपुटते. तो ऐकेना. वेगळा झाला, आणि त्याच्या गिटारी आजही दहा घरच्या पाहुण्यांसारख्या बोलतात. जाताना तो जाडी मोजायचे यंत्र इथेच विसरला. ते त्याला परत द्यावे. मात्र मुलगी फळी तासायला घेताना आधी त्याच यंत्राने मोजते आणि मग कानाने शेवट करते, असे माझ्या नजरेस आले आहे. तेव्हा त्याला नवे घेऊन द्यावे. सोबत माझा नमस्कार सांगावा, आणि माझ्या आजारपणात तो रोज डबा घेऊन यायचा हे मी विसरलेलो नाही असेही सांगावे.

कलम चौथे, कार्यशाळा, हत्यारे, माळ्यावर वाळत असलेले लाकूड आणि चिठ्ठ्या.

आमच्या गिटारीची ख्याती एकाच गोष्टीची. आज एक घ्या आणि दहा वर्षांनी दुसरी घ्या, दोन्ही एका घरच्या वाटतात. त्यासाठी वडिलांनी घालून दिलेली रीत अशी: गिटार जुळवून झाली की तिच्या मधल्या भोकाशी तोंड न्यायचे आणि खालच्या पट्टीत घुमायचे, हळूहळू आणखी खाली. एका जागी आवाज पोहोचला की अख्खे लाकूड अंगाला लागून थरथरते. ती जागा प्रत्येक गिटारीत तीच यायला हवी. नाही आली तर आत हात घालून फळीला आतून चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या तासायच्या आणि पुन्हा घुमायचे. चिठ्ठी त्यानंतर.

माझ्या मुलीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मी पूर्वीच्या मृत्युपत्रातही लिहिले होते. पण तिचा आवाज त्या जागेपर्यंत उतरत नाही. माझे म्हणणे असे होते, की जी जागा तुला सापडतच नाही ती तू राखणार कशी? आणि आवाज राखता येत नसेल तर नाव कशाला मिरवायचे? वडिलांच्या नावाने कुठलीतरी पोकळ पेटी विकली जाईल, या विचाराने माझी झोप उडायची.

चार जणींचा एक गट आमच्याच गिटारी वाजवतो. चौघी एकदम वाजवू लागल्या की कोणती कोणाची हे कळू नये, म्हणूनच त्या आमच्याकडे येतात. गेल्या वर्षी त्यांतली एक गिटार जिन्यावरून पडून फुटली. कार्यक्रम ठरलेला, आणि मी रुग्णालयात, नाकात नळी. मुलगी खाटेशी येऊन म्हणाली, "बाबा, मी करते."

"आणि घुमणार कोण?"

"बघते मी. तुम्ही आधी श्वास घ्या नीट."

कार्यक्रमाला मला घरच्यांनी धरून नेले. शेवटच्या रांगेत बसलो. मधे एका तुकड्यात चौघींनी पाळीपाळीने एकटीने वाजवले आणि मी बायकोचा हात दाबला. "डावीकडून दुसरी. हीच पोरीने केलेली. खर्ज सैल सोडलाय. मी सांगत होतो." बायको म्हणाली, "गप्प बसून ऐका."

कार्यक्रम संपल्यावर मी काठी टेकत थेट त्या दुसरीपाशी गेलो, गिटार मागून घेतली आणि आत डोकावलो. आत पिवळी पडलेली चिठ्ठी, आणि तिच्यावर माझी सही. मुलगी मागे उभी होती. म्हणाली, "बरोबर ऐकलंत बाबा. हिची आतली एक पट्टी सुटत आलीये. उद्याच दुरुस्तीला घेतेय." तिने ते माझ्याआधीच ऐकले होते. तिने केलेली गिटार उजवीकडच्या टोकाला होती आणि तिच्यात मला काही म्हणजे काही खटकले नव्हते. तिच्या आत पाहिले तर कोरे लाकूड.

"चिठ्ठी?"

"तुम्ही जाळायला सांगितल्यात ना. परवानगीशिवाय कशी लावू?"

मग मी विचारले, जागा कशी सापडली. ती म्हणाली, "मला नाही उतरता येत, मग मी जुनीलाच विचारलं." माझी एक जुनी गिटार समोर ठेवायची, नवी तिच्या तोंडाला तोंड लावून, जुनीवर बोटाने ठोकायचे आणि नवीच्या पाठीला गाल टेकून ऐकायचे. जागा जुळली की नवी गालाशी थरथरते. जुळली नाही तर गप्प राहते. एवढे साधे, आणि आमच्या दोन पिढ्यांच्या पुरुषांना घुमण्यापुढे काही सुचले नाही. मला इतका आनंद झाला की तिथल्या तिथे खुर्ची मागवावी लागली.

म्हणून असे लिहून ठेवतो, की कार्यशाळा, हत्यारे व लाकूड माझ्या मुलीला द्यावे, आणि चिठ्ठ्याही. नाव वडिलांचे राहू द्यावे, सही तिची असावी. माझ्या सहीचा शिक्का करू नये. पुढे कधी तिला आवाज थोडा वेगळा हवासा वाटला, तर तिने खुशाल बदलावा. फक्त तिथून पुढच्या सगळ्या गिटारींचा बदलावा. यावर माझ्या भावाचा सल्ला घेण्याची गरज नाही, पण तो दिल्याशिवाय राहणार नाही, तेव्हा चहा पाजून ऐकून घ्यावा.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला असून तो मला मान्य आहे.

सहीपूर्वीची भर: हे लिहीत असतानाच ती चौथी, मुलीने केलेली गिटार तारा बदलण्यासाठी बाकावर आली. मुलीकडून एका चिठ्ठीवर सही करून घेतली आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष मी स्वतः आत हात घालून ती चिकटवली. आतले नीट दिसेना म्हणून किंचित तिरकी बसली. मी काढू लागलो तर मुलगी म्हणाली, "राहू द्या बाबा." तेव्हा चौथ्या कलमातील चिठ्ठीचा भाग आजपासूनच अमलात आला आहे. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.

लिहून देणार: (सही) गिटारवाला, उर्फ घुम्या

साक्षीदार:
१. (सही) दंतवैद्य बाई, शेजारचा दवाखाना
२. (सही) चष्मेवाले, समोरचे दुकान

ठिकाण: कार्यशाळा, खिडकीजवळचे बाक
दिनांक: ९ मार्च २०१९